वासरं पुसणारी गोणी

मी गोणी बोलतेय. तागाची, जाडीभरडी. आगाशीच्या बाजारातून कोंडा भरून बळीरामच्या घरी आले, तेव्हा मला वाटलं होतं, कोंडा संपला की दारात पाय पुसायला टाकतील. पण त्याच्या बायकोनं, रंभानं, माझी शिवण उसवली, मला उकळत्या पाण्यातून काढलं आणि कडक उन्हात वाळवून गोठ्यातल्या खुंटीवर टांगलं. तेव्हापासून नुकत्याच जन्मलेल्या वासरांना पुसायचं काम माझं.

वासरू येतं ते ओलंगच्च, कुडकुडत. मऊ कापडानं त्याचं भागत नाही. माझ्यासारखं खरखरीत काहीतरी अंगावर घासलं गेलं की त्याला ऊब येते. गाय जिभेनं तेच करते. मी तिच्या मदतीला.

बळीरामचे हात मला फार आवडायचे. भातशेतीनं रापलेले, पण वासराला लागले की हलके. तो गाईला आधी हाक मारायचा, तिला दिसेल असा बाजूनं जायचा. तिच्या आणि वासराच्या मधे कधी उभा राहायचा नाही. "तिला वाटंल, आपन तिचं पोर न्यायला आलो," म्हणायचा.

गेल्या पावसाळ्यात ते हात कापायला लागले. पाणी पाजताना बादली हिंदकळायची. कुणी आलं की तो हात पाठीमागं घ्यायचा. घरात त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

हिवाळ्यात हरणी गाय व्यायला आली. तिचं पहिलंच वेत. रंभा त्या दिवशी अर्नाळ्याला बहिणीकडे गेलेली, मुलगा जितेंद्र कामावर. घरात बळीराम आणि सून उन्नती. उन्नती विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, गाईंना थोडी बिचकणारी. चहा द्यायला ती गोठ्याच्या दारापर्यंतच यायची.

त्या दुपारी चहा घेऊन आली, तर वासरू नुकतंच पेंढ्यावर पडलेलं. नाकातोंडावर पातळ पडदा, हालचाल नाही. बळीराम गुडघ्यावर बसून तो पडदा काढू पाहत होता, पण बोटं जागेवर राहत नव्हती. तीनदा निसटली. हरणी बुजून पाय आपटू लागली.

"बाबा, डॉक्टरांना फोन करू?"

"कर. पन ते यीपर्यंत हे राहनार नाय." तो मागं सरकला. हात काखेत दाबून धरले. "माझ्याच्यानं नाय होत, उन्नती."

डॉक्टर नालासोपाऱ्यात होते, यायला वेळ लागणार होता. उन्नतीनं फोन बाजूला ठेवला, हात धुतले आणि आत आली.

"मी काय करू ते सांगा."

तो सांगत गेला, ती करत गेली. पडदा ओढून काढला. नाकातोंडातला चिकटा बोटानं निपटला. मग मला खुंटीवरून खेचलं.

"त्याला पोटावर बसव, पाय दुमडून. हां. आता छाती घास. घाबरू नको, जोरात घास."

तिनं घासलं. माझे धागे तुटले तरी मी लागून राहिले. वासरू काही श्वास घेईना. उन्नतीच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडत होतं.

"पेंढ्याची काडी घे. नाकात फिरव, हलकी."

काडी फिरली. एकदा. पुन्हा एकदा. वासरू शिंकलं, आणि त्याच्या बरगड्या माझ्याखाली वर उचलल्या गेल्या. तो श्वास सगळ्यात आधी मला कळला.

उन्नती त्याला पुढच्या पायांना धरून आईकडे ओढायला निघाली. "तसं नको," बळीराम म्हणाला, "सांधा निखळंल. एक हात छातीखालून, एक मांड्यांच्या मागून." तिनं तसं उचललं, हरणीच्या तोंडापुढं ठेवलं आणि लगेच बाजूला झाली. हरणी चाटू लागली. नाळेला औषध लावून झालं. थोड्या वेळानं वासरू धडपडत उभं राहिलं आणि चीक प्यायला लागलं, तेव्हा कुठं दोघं भिंतीला टेकली.

चहा गार झाला होता. उन्नतीनं तो तसाच त्याच्या ओठांना लावला, कप स्वतः धरून.

"कधीपासून होतंय हे?"

"लावनी झाल्यापासनं."

"आईंना माहीत आहे?"

"तिला काय माहीत नसतं? तीबी बोलत नाय, मीबी बोलत नाय."

"मग आज आपण तिघं मिळून बोलू," ती म्हणाली. संध्याकाळी रंभा आली, आणि गोठ्यातच तिघं बोलली. रंभा बराच वेळ त्याचे हात मांडीवर घेऊन बसली होती. त्याच आठवड्यात त्या दोघी त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. कंप पुरता गेला नाही, गोळ्यांनी कमी झाला.

त्यानंतर दोन गाई व्यायल्या. हात उन्नतीचे, बोलणं बळीरामचं.

आता मी इतकी विरलेय की माझ्यातून ऊन आरपार दिसतं. खुंटीवर नवी गोणी आलीय. तिला मी एवढंच सांगते : प्रत्येक वेळी धुवून वाळून तयार राहा, आणि वासरू श्वास घेत नसेल तेव्हा घाईनं सोडू नकोस.

मला कोपऱ्यात अंथरलंय. सकाळी बळीराम माझ्यावर येऊन बसतो. हरणीचं वासरू, आता चांगलं धष्टपुष्ट, त्याच्यापाशी येतं आणि मान पुढं करतं. तो मानेवर हात ठेवतो. हात कापत राहतो. वासराला वाटतं, आपल्याला खाजवताहेत. ते डोळे मिटून मान आणखी लांब करतं.