तिसरा तास

चुआ लोर बस क्रमांक चौदा चालवायची. गेली नऊ वर्षं कालव्यापलीकडच्या बदामाच्या बागांमधून आणि दुधाच्या गोठ्यांवरून पोरं गोळा करून ती त्यांना हायस्कूलच्या दारात आणून सोडत होती. एवढ्या वर्षांत शाळेच्या ऑफिसात ती गेली होती दोनदाच, तीही कुणाचा तरी बसमध्ये राहिलेला डबा द्यायला. त्या सोमवारी मात्र ती स्वतःच्या कामासाठी गेली. अंगात ड्यूटीचं नारिंगी जाकीट तसंच होतं आणि हातात मुलीचं पुढच्या वर्षाचं वेळापत्रक.

मुलगी गाओनू, नववीतली. विज्ञानाच्या मास्तरांनी आपणहून तिचं नाव ऑनर्सच्या रसायनशास्त्रासाठी पाठवलं होतं. या शाळेत प्रत्येक विषयाला पायऱ्या आहेत: खाली साधा वर्ग, मग कॉलेजच्या तयारीचा, मग ऑनर्स, आणि सगळ्यात वर कॉलेजच्याच दर्जाचा एपी. दहावीत ऑनर्स हुकलं की अकरावीत एपीचं दार बंद. गाओनूला फार्मसिस्ट व्हायचं होतं. आजीच्या गोळ्यांची नावं तिला सातवीपासून पाठ, कुठली कशावर आणि कुठली कशाबरोबर घ्यायची नाही हेसुद्धा. आणि वेळापत्रकात तिसऱ्या तासासमोर काय छापलं होतं, तर इंग्रजी विकास. त्याखाली, चौथ्या तासाला, साधं विज्ञान.

इंग्रजी विकास म्हणजे ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचा वर्ग. गाओनू झोपेत बरळते तीसुद्धा इंग्रजीतच, आणि तिची हमोंग, म्हणजे त्यांची मायबोली, ऐकून आजी तोंडाला पदर लावल्यासारखी हात लावून हसते. या वर्गाचं नाव तिने घरी कधी काढलं नव्हतं, म्हणून चुआला वाटलं, छपाईत घोळ झाला असेल, पाच मिनिटांचं काम आहे.

मिसेस आव्हिला या वेळापत्रकं लावणाऱ्या बाई. स्वभावाने गोड. त्यांनी खुर्ची दिली, टेबलावरच्या वाटीतली चॉकलेटं पुढे केली आणि कॉम्प्युटरचा पडदा चुआकडे वळवला. घोळ काही नव्हता. पडद्यावर एक जुना फॉर्म होता, दहा वर्षांपूर्वीचा, गाओनूला बालवर्गात घातलं तेव्हाचा. त्यात चार प्रश्न. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं? घरात जास्त कोणती बोलतं? तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता? घरातली मोठी माणसं आपसात कोणती बोलतात? चारही ओळींवर चुआच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: हमोंग, हमोंग, हमोंग, हमोंग.

तो फॉर्म तिला चांगला आठवत होता. कुणाची मदत न घेता भरलेला तो तिचा पहिला इंग्रजी कागद. घरी येऊन तिने सासूला मोठ्या तोऱ्यात सांगितलंही होतं.

तिची वहिनी पांग त्याच आठवड्यात तोच फॉर्म भरत होती. पांगला तेव्हा इंग्रजी येत होतं ते 'येस', 'नो' आणि 'हाऊ मच' एवढंच, पण तिने चारही ठिकाणी इंग्रजी असं ठोकून दिलं. शेजारणींनी तिला सांगून ठेवलं होतं, की खरं लिहिलंस तर पोर इंग्रजी विकासात अडकेल. तिने चुआलाही बजावलं होतं. चुआने ऐकलं नाही. सरकारने विचारलंय तर खरं सांगावं, असं तिचं म्हणणं. आज पांगचा मुलगा चार विषयांत ऑनर्सला आहे. खोटं बोलणारीचं पोर वरच्या पायरीवर आणि खरं बोलणारीचं तळाशी, असा हा न्याय.

फॉर्म आता बदलता येईल का, असं चुआने विचारलं. नाही, पहिलं उत्तर तेच कायम. सुटका फक्त परीक्षेने होते. दर वर्षी गाओनू ती परीक्षा देते. ऐकणं चारपैकी चार, वाचणं चार, लिहिणं चार. बोलणं दोन. मागच्या वर्षी दोन, त्याच्या मागच्या वर्षीही दोन. घोडं पेंड खात होतं ते इथे. बोलण्याच्या परीक्षेला परीक्षा घेणाऱ्या बाईंसमोर एकटीने बसावं लागतं, आणि बाईंनी शेरा लिहिला होता: उत्तरं एका-दोन शब्दांत. पुन्हा विचारल्याशिवाय पुढे बोलत नाही. नजर खाली.

शेरा चुआने दोनदा वाचला. ही शिकवण तिचीच होती. मोठ्या माणसांनी विचारलं तेवढंच सांगावं, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये. कुळातले म्हातारे काका घरी आले की गाओनू हात जोडल्यासारखी उभी राहायची, दोन शब्द बोलायची, आणि म्हातारे म्हणायचे, पोरीला वळण आहे. तेव्हा चुआची छाती फुगायची.

"तिला इंग्रजी येतं हे मलाही माहितीये," मिसेस आव्हिला म्हणाल्या. "व्हरांड्यात दिवसभर मैत्रिणींशी बडबड चालू असते तिची."

"मग तसं लिहा ना."

"त्यासाठी इथे रकाना नाहीये."

मग निदान विकासाचा तास दुसऱ्या वेळेला द्या, चुआ म्हणाली. तेही जमत नव्हतं. ऑनर्स रसायनशास्त्राची तुकडी एकच, ती तिसऱ्या तासाला. इंग्रजी विकासाचीही एकच, तीही तिसऱ्याला. सहा वर्षं असंच आहे, मिसेस आव्हिला म्हणाल्या, पण आजवर कुणाचे हे दोन तास एकमेकांवर आले नव्हते. त्यांनी ते अगदी सहज सांगितलं. दोन्ही वर्गांत एकच मूल असू शकेल, हे सहा वर्षांत तिथे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

चुआच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती काय म्हणाली? "बरं, थँक यू," असं म्हणाली, तेही टेबलाच्या कडेकडे बघून. यंदाची बोलण्याची परीक्षा गुरुवारी आहे, चार पडले तर शुक्रवारी वर्ग बदलून देईन, ऑनर्समध्ये एकच जागा उरलीय, एवढं ऐकून ती खाली आली. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपणही अख्ख्या वेळात मान वर केली नाही. तिने स्टिअरिंगवर मूठ आपटली.

संध्याकाळी पांग कढीपाल्यासारखी कसलीशी कोवळी पानं घेऊन आली आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तुला तेव्हाच सांगत होते. पण तुला हरिश्चंद्राची बहीण व्हायचं होतं." चुआने पानं ठेवून घेतली आणि वहिनीला दारापर्यंत पोचवून दार जरा जोरातच लावलं. नवरा, तेंग, म्हणाला की साधं विज्ञान शिकूनही माणसं जगतात. तिने त्याच्यापुढे ताट आपटलं. तो आपलं ताट घेऊन टीव्हीसमोर गेला.

जेवणं झाली, तसं चुआने भिंतीवरचं किराणा दुकानाचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. परीक्षेत चित्र दाखवतात आणि काय दिसतं ते विचारतात, एवढं तिला कळलं होतं. चित्रात एक कुटुंब बागेत जेवत होतं.

"काय दिसतंय?"

"जेवतायत," गाओनू म्हणाली.

"आणखी?"

"बाहेर बसून जेवतायत."

"आणखी सांग. माझ्याकडे बघून सांग."

गाओनूने मान वर केली आणि लगेच खाली घातली. चुआचा संयम सुटला. बाहेर तोंडाचा पट्टा चालतो आणि इथे मूग गिळून बसतेस, असं ती ओरडली. तुझ्या दोन शब्दांपायी वर्ष वाया चाललंय.

"तूच शिकवलंस," गाओनू पुटपुटली.

"हो, मीच शिकवलं. आता मीच दुसरं सांगतेय." चुआने कॅलेंडर पालथं घातलं. परीक्षेत मत विचारतात, कारणं विचारतात. तिने प्रश्न शोधायला फार वेळ घेतला नाही. "मी तो फॉर्म भरला, ती माझी चूक झाली का? कारणांसकट सांग. इंग्रजीत."

"नाही."

"हा एक शब्द झाला. खरं सांग."

गाओनूने टेबलाच्या लाकडावर नख ओढलं. मग बोलायला लागली. आधी हळू, मग जोरात, मग थांबेचना. सहावीपासून त्या वर्गात बसतेय, ती म्हणाली. कालच विमानातून उतरलेली पोरं, आणि मी. अकरा वर्षांची होते तेव्हा बाईंनी चमचा दाखवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, चमचा. शाबासकी म्हणून चिकटवायचा तारा दिला. पांगमामीचा मुलगा टू खिडकीबाहेरून जाताना हात करायचा, मी वहीत तोंड घालायचे. तुला वाटतं मला फॉर्मचा राग आहे. फॉर्मचा नाहीये. तू तो अभिमानाने भरलास, आणि अजूनही पाहुण्यांना अभिमानाने सांगतेस, त्याचा आहे. तू खरं लिहिलंस आणि त्याची किंमत मी भरतेय, रोज, पन्नास मिनिटं. आणि घरी कुणाला काही सांगायचं, तर मान खाली घालून दोन शब्दांत सांगायचं. दोन शब्दांत हे सांगता येत नाही, आई.

या घरात कुणी आईशी असं बोललेलं नव्हतं. तेंगने टीव्हीचा आवाज बंद केला. चुआचा हात उचलला गेला होता. तो तिने टेबलावर दाबून धरला. सगळी वाक्यं पुरी होती. कारणांसकट. आणि पोरगी थेट तिच्या डोळ्यांत बघत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर हलत नव्हती.

"गुरुवारी बाईंशी असंच बोल," चुआ म्हणाली.

"बाईंवर माझा राग नाहीये."

चुआ उठली, तिने भाताची टोपली धुवायला घेतली आणि पाठमोरीच म्हणाली, "मग समोर मी बसलेय असं समज."

गुरुवारी दुपारी गाओनू बसमध्ये चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. "चार," एवढंच ती म्हणाली. बाईंनी विचारलं होतं, तुझ्या मते घरात कोणता नियम बदलायला हवा. गाओनू बोलत राहिली, शेवटी बाईंनीच पुरे म्हटलं. काय काय सांगितलंस, हे चुआने विचारलं नाही. आरशात बघून तिने दार बंद केलं आणि गाडी काढली. त्या दिवसापासून गाओनू घरात मान वर करूनच बोलायला लागली, आजीशीही. आजीला ते आवडलं नाही आणि तिने तसं चुआला रोज ऐकवलं.

शुक्रवारी सही करायला चुआ पुन्हा वर गेली. मिसेस आव्हिलांना खरोखर आनंद झाला होता. त्यांनी नवं वेळापत्रक छापून दिलं: तिसरा तास, ऑनर्स रसायनशास्त्र. चॉकलेटांची वाटी पुढे केली.

"बघा, आता कुठेच अडचण नाही," त्या म्हणाल्या.

"तो विकासाचा वर्ग पुढच्या वर्षीही तिसऱ्याच तासाला?"

"हो. कॉम्प्युटर दाखवतोय ना, कुणाचेच तास एकमेकांवर येत नाहीत. तुमच्या मुलीचेच तेवढे येत होते, ते सुटलं."

चुआने सही केली. पेन खाली ठेवलं नाही. गेल्या सोमवारसारखं टेबलाच्या कडेकडे बघायची तिला सवयच होती, आणि मान तशी खाली जायलाही लागली होती. तिने ती ओढून वर आणली.

"त्या वर्गातली नऊ पोरं माझ्या बसमध्ये असतात," ती म्हणाली. "सकाळी सहा चाळीसपासून. पुढच्या दोन सीटवरची आपसात गणितं सोडवतात, इंग्रजीत भांडून. त्यांना कधी कुणी विचारलं का, ऑनर्सला बसता का म्हणून?"

"त्यांच्या घरून कुणी आलेलं नाही, मिसेस लोर."

"येणार नाहीत. त्यांच्या आयांनीही पोरांना माझ्यासारखंच वळण लावलंय." चुआने खुर्ची ओढली आणि बसली. कमरेच्या वॉकीटॉकीवर डेपोतून तिच्या नावाने पुकारा चालला होता, अडीचची फेरी होती. "मी आलेय. लिहायला घ्या. कालव्याजवळचा थांबा, पहिलं नाव सांगते."

मिसेस आव्हिला म्हणाल्या की असं करता येत नाही, प्रत्येकाच्या पालकाने स्वतः यावं लागतं, आणि शिवाय जागा होती ती एकच, ती आता गाओनूला गेली.

चुआ त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. मग तिने नावं सांगायला सुरुवात केली.