दर्याला दिलेल्या बांगड्या

निरोगी माणसाच्या नडगीवर अंगठा दाबून सोडला, तर त्वचा लगेच वर येते. नलूच्या पायावर मात्र खड्डा तसाच राहत असे. बोईसरच्या बाजारात सुके बोंबील घेऊन बसलेली असताना तिने तो पहिल्यांदा पाहिला. दिवसभर मांडी घालून बसल्याने झालं असेल, असं समजून तिने लुगडं खाली ओढलं आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागली.

ती सूज उतरली नाही. वर्षभराने भूक गेली, दम लागू लागला आणि रक्त तपासलं, तेव्हा तिची दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली होती.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. नलूचा रक्तदाब वाढलेला होता. किती वर्षं, ते कुणालाच सांगता येईना, कारण तो कधी मोजलाच नव्हता. त्यात गुडघेदुखी. बाजारातल्या बायका पदराच्या गाठीत दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी बाळगत आणि पानसुपारीसारखी एकमेकींना देत. नलू त्या रोज घेई, बहुतेक वेळा उपाशीपोटी. बाजारात बायकांना लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी पिणं टाळे. जेवणात खारवलेली मासळी. मूत्रपिंड दुखत नाही, हीच त्याची अडचण आहे. निम्म्याहून अधिक निकामी झालं, तरी ते बहुधा तक्रार करत नाही.

आता आठवड्यातून तीनदा नलू आणि तिचा नवरा महादू तारापूरपलीकडच्या आपल्या वस्तीतून बोईसरच्या एका डायलिसिस केंद्रात येत. मानेतल्या नळीतून तिचं रक्त बाहेर काढून, यंत्रात गाळून पुन्हा आत सोडत. ही नळी तात्पुरती असते. तिच्यातून जंतू थेट रक्तात शिरू शकतात. म्हणून डॉक्टरांनी सुरुवातीलाच हाताची लहान शस्त्रक्रिया सुचवली होती. मनगटाजवळची धमनी शिरेला जोडायची, दोनेक महिन्यांत शीर जाड होते, मग सुया तिथेच टोचता येतात. फक्त त्या हाताने ओझं उचलायचं नाही आणि त्यावर बांगडी, दोरा, घड्याळ, काही घालायचं नाही.

उजव्या हाताच्या शिरा सलाइनच्या सुयांनी कडक झाल्या होत्या. उरला डावा. नेमका तोच.

नलूच्या सासरी एक रीत होती. लग्न झालं की नवरीने उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला द्यायच्या, धन्याला सांभाळ म्हणून. डाव्या हातातल्या तो जिवंत असेपर्यंत उतरवायच्या नाहीत. उजव्या हातात पुन्हा भरायच्या म्हटल्या, तर दिलेलं परत कसं घ्यायचं? आणि महादू अजून बोटीवर जात होता.

थोरल्या जावेने शस्त्रक्रियेचं ऐकलं आणि अंगणातूनच बोलली, "नवरा दर्यात आन् बाईचे हात मोकळे? बुडताना डॉक्टर येनार हाय का काडायला?"

महादूला विचारलं की तो म्हणे, "तुजं तू बघ," आणि बिडी ओढायला बाहेर जाई. त्याचा अर्थ 'नको' असाच, हे नलूला कळत असे. नारळी पुनवेनंतर बघू, असं ती डॉक्टरांना म्हणाली. नंतर म्हणाली, शिमग्यानंतर.

शिमग्याआधीच तिला थंडी वाजून ताप भरला. नळीतून जंतुसंसर्ग झाला होता. मानेच्या उजव्या बाजूची नळी काढून नवी डाव्या बाजूला बसवावी लागली. ती पुन्हा केंद्रात येऊ लागली, तेव्हा पहिल्यापेक्षा निम्मी दिसत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आता हाताची शीरही बारीक झाली आहे, शस्त्रक्रिया साधेलच असं नाही. पण नळी तरी किती वेळा बदलणार? नलूने पदराने नळी झाकून घेतली.

त्या दिवशी यंत्र सुरू झाल्यावर महादू शेजारच्या स्टुलावर बसला होता. डोकं ठणकतंय म्हणाला. नलूने पदराची गाठ सोडली आणि त्याला गोळी काढून दिली. तिला स्वतःला गोळ्या बंद झाल्या होत्या, पण पट्टी अजून त्याच्यासाठी गाठीला असे.

यंत्र सांभाळणाऱ्या हेतलने ते पाहिलं. गोळी त्याच्या हातातून काढून घेत ती म्हणाली, "काका, हात पुढे करा."

"माजा? आजारी ती हाय."

"करा तर. कापत नाही."

तिने पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला, थोडं थांबून पुन्हा मोजला. वरचा आकडा एकशे नव्वद होता.

"मशीन बिगाडलं असल तुजं," महादू हसून म्हणाला.

"मशीन बरोबर आहे. मावशी पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांचाही साधारण एवढाच होता."

महादूचं हसू गेलं. हेतल आता नलूकडे वळली. "मावशी, बांगड्या तुम्ही यांना दर्याने नेऊ नये म्हणून ठेवल्या ना? दर्याची भीती मला कळते. माझा मामा बोटीवर आहे. पण यांना जे न्यायला बसलंय ते दर्यात नाही, इथे आहे, या पट्ट्याखाली. बांगड्यांना ते दिसत नाही."

"मंग माजी पन किडनी…" महादूने विचारलं.

तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं हेतल म्हणाली. लघवीतून प्रथिनं जातात का आणि रक्तातलं क्रिएटिनिन किती, या दोन साध्या तपासण्या. आज कळलं तर रक्तदाब आवरून, मीठ कमी करून, या गोळ्या सोडून मूत्रपिंडं पुष्कळ वर्षं टिकवता येतील. मावशींचं कळलं, तेव्हा टिकवायला काही उरलं नव्हतं.

आपल्यापैकी कितीजणांच्या घरी रक्तदाबाचं, मधुमेहाचं माणूस आहे? आणि कितीजणांनी त्याची लघवी आणि रक्त दरवर्षी तपासून घेतलंय? न विचारता घेतलेली दुखण्याची गोळी, बाजारात न बांधलेली मुतारी, बाईच्या हातावर ठेवलेली घरादाराची भीती, हे सगळं मिळून एक मूत्रपिंड बंद पडतं. ते पुन्हा सुरू करणारं औषध अजून नाही. म्हणून जे करायचं ते दुखायच्या आधी!

नलूची मूत्रपिंडं परत येणार नव्हती. हात साथ देईल याचीही खात्री नव्हती, आणि हे तिला ठाऊक होतं. नळीतून रक्त जात-येत होतं. महादू जमिनीकडे पाहत म्हणाला, "नलू, मी काय सांगू?" तिने डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या.

"तुमी नका सांगू," ती म्हणाली. "हेतल, डॉक्टरला बोल, डावा हात घ्या. बांगड्या मी उतरवून येते. आन् ह्यांचं रगत आजच काड, दर्यात जायच्या आदी."