धुरपताबाईचा अंगठा

पुलगावात स्टेशनामागच्या घरात रूपराव आणि धुरपताबाई दोघंच राहत. रूपराव रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि अंगणातल्या गुलाबांवर त्यांचा फार जीव. चौपन्न साली दिवाळीच्या आधी, थंडी पडायच्या आत, त्यांनी छाटणी काढली. कापताना हात थरथरे म्हणून धुरपताबाई फांदी धरून ठेवी. मग छाटलेल्या झाडाचं आळं उकरून मुळाशी शेणखत घाली.

एक फांदी तिच्या हातून निसटली आणि काटा अंगठ्यात खोल गेला. ती हात धुवायला निघाली. रूपराव वर न पाहता म्हणाले, "दोन झाडं राह्यली. ओळ पुरी होऊ दे, मंग धुजो."

तिनं अंगठा लुगड्याला पुसला आणि खताच्या टोपलीत हात घातला.

आठवडाभरानं तिला भाकर चावेना. दाढ दुखत असेल म्हणून रूपरावांनी लवंग दिली. दुसऱ्या दिवशी जबडा मिटला तो उघडेचना, मान ताठ झाली. शेजाऱ्यांनी तिला रेल्वेनं वर्ध्याच्या दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरांनी धनुर्वात सांगितला, जखम कशी झाली ते विचारलं. रूपरावांनी सगळं सांगितलं. हात धुऊ दिला नाही, तेही. खोलीत अंधार केला होता. भांडं वाजलं तरी तिचं अंग कमानीसारखं वाकायचं, म्हणून रूपराव चपला बाहेर काढून आत जात. ती शुद्धीवर होती. त्यांच्याकडे बघत राही, आणि त्यांना ते बघणं सोसत नसे. दोन-तीन दिवसांत ती गेली.

तेरवी झाल्यावर त्यांची मुलगी नलू, आष्टीला दिलेली, कुदळ घेऊन अंगणात उतरली. छाटलेल्या फांद्यांवर लाल कोंभ फुटले होते.

"कोणत्या झाडाचा काटा होता, बाबा?"

"झाडाले काऊन दोष देतं?" रूपराव म्हणाले. "हात धुवाले निघाली होती. मीच थांबवलं तिले."

नलू बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं पहिल्याच झाडाच्या बुडाशी कुदळ घातली. रूपरावांनी घरातून जुनं फडकं आणून पुढं केलं. तिनं ते घेतलं, हाताला गुंडाळलं आणि पुढच्या झाडाकडे वळली. संध्याकाळपर्यंत अंगण मोकळं झालं.

वडिलांना आपल्याकडे न्यायचं तिनं येतानाच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी आष्टीच्या मोटारीत ती एकटीच चढली.