ड्वेबल

युफन चार वर्षांची असताना तापानं तिचे पाय गेले. पुढे पाय परत आले, पण गावानं चिकटवलेला शब्द गेला नाही. ड्वेबल. म्हणजे पायांत जीव नसलेली. कोळ्यांच्या त्या गावात बायका नवऱ्याला पाठीवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून होडीपर्यंत पोचवत, म्हणजे तो कोरड्या अंगानं समुद्रावर जाई. ड्वेबल बाईशी तिथं लग्न कोण करणार?

तिशी उलटली तरी ती भावाच्या दाराशी बसून शिंपले फोडून आतलं मांस गळांना आमिष म्हणून लावायची. काठी टेकत जरा उठली की वहिनी, ग्रिझेल, धावायची. "बसा वन्सं, पडाल."

डोंगराकडचा वॉटी टोपल्या विकायला यायचा. त्यानं एकदा सरळ तिला मागणीच घातली.

ग्रिझेल हसली. "अहो, ड्वेबल आहे ती!"

"आमच्याकडे चांगल्या काडीला ड्वेबल म्हणतात," वॉटी म्हणाला. "वाकते, पण मोडत नाही. जुना अर्थ तोच. ताठ काडीची टोपली कोण विणतो?"

युफननं मान वर केली. तो शब्द असा कुणी उच्चारलेला तिनं ऐकलाच नव्हता.

तिचा भाऊ गिल्बर्ट मात्र चिडला. ही गेली तर गळ कोण भरणार? "एवढी धड आहे ना? मग उद्या मला होडीत पोचव, आणि खुशाल जा."

सकाळी सगळा किनारा जमला. भावाला पाठीवर घेऊन युफन पाण्यात शिरली. गुडघे लटपटत होते, तरी ती चालत राहिली. होडी हाताच्या अंतरावर आली, आणि लाटेनं दोघांना आडवं केलं.

"ड्वेबल ती ड्वेबलच!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

वॉटी पाण्यात उतरला. "मला कुठं होडीत जायचंय? चल माझ्याबरोबर."

तिला हो म्हणायचं होतं. पण इतकी वर्षं ऐकलेलंच तोंडून निघालं. "नको. मी ड्वेबल आहे."

दुपारी वॉटी निघून गेला. ग्रिझेलनं तिला शेकोटीपाशी नेलं, गरम लापशी दिली, शाल पांघरली. मग शिंपल्यांचं घमेलं मायेनं जवळ सरकवलं.

युफननं सुरी उचलली. समुद्रातून घरापर्यंत ती काठीशिवाय, कुणाचा हात न धरता चालत आली होती. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा निम्मे गळ भरून झाले होते.