ताट नेऊ नको

“साकु,” म्हणत गुरुबसप्पांनी तोंड फिरवलं.

सुदामतीच्या हातातला पेला होता तसाच भरलेला राहिला. साकु म्हणजे पुरे. अहमदपूरच्या सुदामतीला कानडीचा गंध नव्हता, पण लातूरच्या या घरी आजारी माणसाची देखभाल करायला यायला लागल्यापासून एवढा एक शब्द तिला तोंडपाठ झाला होता. पाणी पुढं केलं की अप्पा तेवढंच बोलत.

“कशाचं साकु, अप्पा? ओठ तरी भिजले का? चिमणी बी याच्याहून जास्त पिती!”

अप्पा अर्ध्या तोंडानं हसले. उरलेलं अर्धं तोंड, उजवा हात आणि उजवा पाय अर्धांगवायूनं अडवून ठेवला होता. जीभही जड झाली होती. एक शब्द मनातून ओठावर यायला इतका वेळ लागायचा की समोरचं माणूस तोवर दुसऱ्या विषयावर गेलेलं असायचं.

एके काळी याच जिभेवर मार्केट यार्डातली त्यांची आडत चालायची. बोलण्यात गोड आणि मापाला चोख, अशी ख्याती होती. शेतकऱ्याचं पोतं रिकामं झालं की अप्पा ते त्याच्यासमोर उलटं करून झटकायचे. “बघून घे बाबा, तुझा दाणा आमच्याकडं ऱ्हायला न्हाई,” असं म्हणायचे आणि मगच पोतं परत द्यायचे.

आता प्रश्न दाण्याचा नव्हता, पाण्याचा होता. आदल्या आठवड्यात अप्पांच्या जिभेला कोरड पडली, डोळे खोल गेले, सलाईन लावावं लागलं. डॉक्टर भला माणूस होता, पण त्यानं स्पष्ट सांगितलं, “मी शुक्रवारी येतो. तोवर तोंडानं पाणी पोटात गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल.” अप्पांनी ते ऐकलं आणि डावा हात हवेत हलवला. “नळी... नको.” आयुष्यभर पंगतीत मांडी घालून जेवलेला माणूस. नाकातून जेवायचं म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेव्हापासून सुदामतीनं कंबर कसली होती. अप्पांना उशीला टेकवून ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली घ्यायला लावायची, घोट घोट पाजायचं, हे सगळं तिला येत होतं. तिनं ताक करून बघितलं, लिंबू सरबत केलं, नारळ फोडला, टरबुजाच्या फोडी केल्या. ताकाचे दोन घोट गेले, टरबुजाची एक फोड. नुसत्या पाण्यानं तर ठसकाच लागायचा, आणि एकदा ठसका लागला की अप्पा घाबरून ओठ मिटून घ्यायचे. लघवीसाठी बाईमाणसाला सांगायची लाज वाटत असेल, असंही तिच्या मनात आलं. म्हणून अप्पांचा मुलगा संगमेश दुकानातून मधे मधे येऊन जाऊ लागला. तरी साकु ते साकुच.

संध्याकाळी सून शिवानी बँकेतून आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, “आज मामा पाणी प्याले का ओ?”

“न्हाई की, वहिनी. प्यायनातच.”

सुदामतीच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. चादरीला सुरकुती नाही, औषधाला उशीर नाही. आणि खरकटं तर तिला डोळ्यांसमोर चालायचंच नाही. अप्पांच्या तोंडात शेवटचा घास जायचा अवकाश, की ताट उचलून मोरीत. हाताला चाकं लावल्यासारखी बाई.

सोमवारी निलंग्याहून मल्लिनाथ आले. अप्पांचा लहानपणापासूनचा दोस्त. एसटीच्या धक्क्यांनी खिळखिळे झालेले गुडघे धरत त्यांनी दारातूनच आवाज दिला, “शरणार्थ, गुरुबसप्पा! अजून हायेस का गेलास?”

अप्पांचा डावा हात कपाळाला लागला. चेहरा असा उजळला की आतून धावत आलेली शिवानी बघतच राहिली. त्या दिवशी तिला सुट्टी होती.

पलंगाशेजारी दोघांची ताटं मांडली. मल्लिनाथ आपल्या हातानं जेवत, यार्डातल्या जुन्या भानगडी रंगवून सांगत होते. अप्पांना सुदामती वरणात कुस्करलेली भाकरी चमच्यानं भरवत होती. गप्पांच्या नादात अप्पांनी ताट संपवलं. सुदामती खूश झाली आणि सवयीनं तिनं ताटाला हात घातला.

ताट हलेना. अप्पांनी डाव्या हातानं काठ घट्ट पकडला होता.

“नेऊ... नको.”

“अजून वाढू का, अप्पा?”

अप्पांनी मान हलवली. वाढायचंही नाही, न्यायचंही नाही! एक टोक तिच्या हातात, एक त्यांच्या. तेवढ्यात मल्लिनाथांनी आपल्या रिकाम्या ताटात तांब्यातलं पाणी ओतलं, बोटानं गोल फिरवून ताट धुतलं आणि ते ताट तोंडाला लावून पाणी पिऊन टाकलं. मिशा पुसत त्यांनी ही झोंबाझोंबी बघितली.

“अगं बाई, सोड की त्याचं ताट! त्याचं धुवून प्यायचं ऱ्हायलंय.”

“काय धुवून प्यायचं?”

“ताट! आमच्यात अन्न म्हंजी प्रसाद. कण बी टाकत न्हाईत. आता पोरं न्हाईत करत, पण हा लई कडक. दुकानात असो का लग्नाच्या पंगतीत, ह्याचं पाणी तेच. जेवणावर तांब्या तोंडाला लावलेला म्या तर कधी बघितला न्हाई.”

सुदामतीनं ताट सोडलं. इतके दिवस या माणसाचं पाणी ती आपल्याच हातानं मोरीत नेऊन ओतत होती, आणि वर पेला घेऊन मागं लागत होती! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग सांगितलं कामून न्हाई, अप्पा?”

अप्पांनी शब्द गोळा केले. खोलीतले सगळे थांबले. “सांगेपर्यंत... ताट... मोरीत.”

मल्लिनाथ हसून हसून पलंगावर आडवे झाले. सुदामतीही हसली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. शिवानी कपाळावर हात मारून म्हणाली, “सासूबाई होत्या तवा त्याच समोर बसून वाढायच्या. माझे आजोबा बी असंच करायचे की! मला म्हाईत असून ध्यानात न्हाई आलं.”

सुदामतीनं ताटात पाणी ओतलं, अप्पांचं बोट धरून काठाकाठानं फिरवलं. वरणाचा अंश उतरून पाणी जरा दाट झालं. तिनं ताट धरलं, अप्पांनी हनुवटी खाली घेतली. एक घोट. दुसरा. ठसका नाही. ताट कोरडं झालं आणि ती सवयीनं साकुची वाट बघत थांबली.

“बेकु,” अप्पा म्हणाले.

“आता हे काय नवीन?”

“मागायलाय गं तो, मागायलाय!” मल्लिनाथ ओरडले. “ओत!”

त्या दिवसापासून सुदामतीनं शक्कल लढवली. मोठ्या जेवणाची छोटी छोटी जेवणं केली. सकाळी नाचणीची पेज, मग मऊ खिचडी, दुपारी ताक-भात, उन्हं उतरल्यावर केळं कुस्करून दूध. सगळं ताटातच, आणि प्रत्येक ताटामागं धुतलेलं पाणी. पेला आणि वाट्या तिनं फडताळात ठेवून दिल्या. ही लबाडी अप्पांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. जन्मभर व्यापार केलेला माणूस तो.

“केळ्याला... ताट?” त्यांनी भुवई उडवली.

“हाव. आमच्या अहमदपुरात असंच खातेत.”

“खोटं.”

“पिता का नेऊ?”

अप्पांनी ताटाचा काठ पकडला. मग जरा थांबून म्हणाले, “तू बी... बस.” तिनं दिवसभर घोटभर पाणी प्यालेलं त्यांनी तरी कुठं बघितलं होतं? तेव्हापासून दोघं समोरासमोर जेवू लागली. घाईची सुदामती जेवताना मांडी घालून बसलेली बघून शिवानीला मोठी गंमत वाटायची.

शुक्रवारी डॉक्टर आले. संगमेश दुकान सोडून आला होता, शिवानी दाराला टेकून उभी होती. डॉक्टरांनी जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, लघवीचं विचारलं. “चांगलं आहे की! काय पाजता?”

सुदामती बोलायला गेली, तर अप्पांनी डावा हात वर केला. समोर खिचडीचं ताट नुकतंच संपलं होतं. त्यांनी तांब्या स्वतः ओढला, थोडं सांडत पाणी ओतलं, बोट फिरवलं. मग डाव्या हातानं ताट उचललं आणि अधू उजवा तळवा खालून टेकवला. हनुवटी खाली, घोट घोट, शेवटापर्यंत. सुदामतीचा हात दोनदा पुढं झाला आणि दोनदा तिनं तो मागं घेतला.

पाणी संपल्यावर अप्पांनी ताट डॉक्टरांपुढं धरलं आणि सगळ्यांच्या देखत उलटं करून झटकलं. चादरीवर थेंब पडला नाही.

“बघून... घ्या.”

“बघितलं,” डॉक्टर हसले. “नळी काही लागत नाही.”

संगमेश खिडकीकडं वळून उभा राहिला. सुदामती अजून जागची हलली नव्हती. अप्पांनी ताट सरळ केलं आणि तिच्या हातात दिलं.

“ने... आता.”