गेटची बाहेरची बाजू

"मॅडम, माझ्या शाळेत उशिरा येणारं एकही पोर नाही. सात म्हणजे सात!" गोडादऱ्यातल्या त्या मराठी शाळेचे मुख्याध्यापक शालिग्राम सर मला पहिल्याच दिवशी म्हणाले.

मुख्याध्यापक शाळा कशी चालवतात, हे पाहून संस्थेला कळवणं हे माझं काम. माझा शेरा वाईट गेला तर सरांची खुर्ची जाणार होती आणि ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून दोन दिवस ते मला शाळाभर मिरवत होते. मला असल्या मिरवणुकीचा तिटकारा आहे. पण वर्ग शांत होते, वऱ्हांडे लख्ख होते, आणि वक्तशीरपणाचे पूर्ण गुण मी मनात देऊनही टाकले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "आज बाहेर चहा घेऊ. तुमच्याशिवाय शाळा कशी सुरू होते ते बघू या."

आम्ही गेटसमोरच्या चहाच्या लारीवर उभे राहिलो. सातला घंटा झाली, शिपाई हिलालने कुलूप लावलं. सर मिशीतल्या मिशीत हसले.

मग पोरं यायला लागली. कुलूप दिसलं की लांबूनच मागे वळत होती. कुणी गेट हलवलं नाही, कुणी हाक मारली नाही, कुणी रडलंही नाही.

"ही कुठली मुलं?" सरांनी विचारलं.

गणवेश त्यांच्याच शाळेचा होता. मला संताप आला.

तेवढ्यात लूमवर काम करणारा दगा मुलीचा हात धरून धावत आला. त्याच्या केसांना अजून धाग्याचे तुकडे चिकटलेले होते. सरांनी त्याला ओळखलं. "दगा, एवढा उशीर?"

"सर, मनी रातपाळी सातलेच सुटस. हिनी माय त्याना आगोदरच कामले जास. मंग पोरले शाळामा कोन आनी?"

"मला कधी सांगितलं नाहीस!"

"सांगाले येस, पन गेट बंद ऱ्हास."

सर गेटकडे निघालेले पाहून हिलालने घाईघाईने कुलूप काढलं. "या सर, या." त्यांच्यापुरतीच फट झाली. मुलगी सरांना वाट द्यायला बाजूला सरकली आणि बापाचा हात ओढत घराकडे वळली. गेट आपल्यासाठीही उघडू शकतं, हे तिच्या मनातही आलं नाही.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पोरं आत घेतली तर माझ्यासमोरच त्यांची बढाई खोटी ठरणार होती. मी चहाच्या पेल्यात बघत राहिले. मदत करणं माझ्या कामात बसत नाही.

त्यांनी गेट सताड उघडलं. मुलीला आत पाठवलं आणि गल्लीत परत निघालेल्या पोरांना जोरात हाक मारली, "अरे, थांबा!"

हेडसरांचा आवाज ऐकताच पोरं जीव खाऊन पळत सुटली. मला फार वाईट वाटलं.

सर गेट उघडंच टाकून, पॉलिश केलेल्या बुटांनिशी गल्लीतल्या चिखलातून त्यांच्यामागे धावू लागले.