घाण पाण्यातून काढलेला ताव

मी एक जुनी लाकडी चौकट आहे, मित्रांनो. चित्राची नव्हे, खिडकीचीही नव्हे. माझ्या पोटाला बारीक पितळी तारांची जाळी आहे आणि माझे काम कागद गाळण्याचे. चिंध्या भिजवून, कुटून केलेला लगदा हौदातल्या पाण्यात ढवळायचा, मला त्यात तिरके बुडवायचे, आडवे उचलायचे आणि डावी-उजवीकडे दोन हलके झोके द्यायचे. पाणी जाळीतून खाली जाते, लगदा वर राहतो. तो वाळला की कागदाचा ताव तयार. ऐकायला सोपे आहे, पण ताव सगळीकडे सारख्या जाडीचा यायला माणसाला सात-आठ वर्षे हात झिजवावा लागतो.

मला एका सुताराने मोडीत काढलेल्या नावेच्या फळीतून घडवले. "हिला पाण्याची सवय आहे, वाकायची नाही," असे तो म्हणाला होता. ज्यांनी मला घडवून घेतले, त्यांना सगळी गल्ली बाबा म्हणत असे. एका ओढ्याच्या काठाने कागदवाल्यांची बारा घरे, एवढीच आमची गल्ली. ओढ्याचे पाणी थेट प्रत्येकाच्या हौदात यायचे. इतके स्वच्छ की हौदाच्या तळाशी पडलेली सुई दिसावी. कागदाचा रंग म्हणजे पाण्याचा रंग, असे बाबा सांगत.

आमच्या कागदावर गावाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी होत. जमिनींचे नकाशे काढले जात. कचेरीतले कारकूनकाका स्वतः ताव न्यायला येत, उन्हाकडे धरून बघत आणि म्हणत, "याच्यावर शाई फुटत नाही. नातवंडांनासुद्धा वाचता येईल." तेवढे कौतुक मला पुरत असे.

पुढे बाबांच्या बोटांची पेरे सुजली, मूठ वळेना. त्यांनी मला आपल्या मुलीच्या हाती दिले. गल्लीतली सगळी पोरे तिला आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणते. तिचा धाकटा भाऊ लगदा कुटायचा, ताव दाबायचा, सुकवायचा. त्याला सगळे भाऊच म्हणत. आत्याचा हात बाबांपेक्षाही हलका होता. ती कमी बोलायची आणि चुकलेला ताव न चिडता पुन्हा हौदात सोडायची. बाबा गेले तेव्हा दोघांनी मिळून काम चालू ठेवले. बाकीची घरे एकेक करून बंद होत होती, आमचे चालू होते.

मग प्रांताच्या सरकारने एक धोरण आणले. जुन्या कारागिरीच्या गल्ल्या पर्यटकांसाठी खुल्या करायच्या, त्यातून कारागीर जगवायचे. मित्रांनो, हेतूत काही खोट नव्हती. त्या दिवशी आत्यासुद्धा हसली होती. पर्यटन खात्याचे एक साहेब काखेत जाड फाइल घेऊन आले. गल्लीने लगेच त्यांचे नाव फाइलसाहेब ठेवले. त्यांनी समजावून सांगितले, "ज्या घरात जास्त लोक बघायला येतील, त्या घराला जास्त मदत. साधा हिशोब आहे."

त्या साध्या हिशोबानेच आमचा घात केला. किती ताव निघाले, कसे निघाले, हे कुणी विचारणार नव्हते. फक्त डोकी मोजली जाणार होती.

सहा महिन्यांत सगळी दारे एकाच पिवळ्या रंगाने रंगवली. रोज पंधरा-पंधरा बसगाड्या येऊ लागल्या. लोक दहा मिनिटे थांबत, फोटो काढत आणि निघून जात. भाऊ मला उचलून धरायचा, लोकांचे फोटो झाले की तयार ताव परत हौदात ढकलून द्यायचा. पुढची बस आली की तोच लगदा, तोच झोका, तेच हसणे. दिवसातून चाळीस वेळा मी ताव धरला आणि एकही ताव जन्माला आला नाही. मला स्वतःचीच लाज वाटू लागली.

आणि माणसे तरी कशी? एकाने हौदात च्युइंगगम थुंकला. एका बाईने आइस्क्रीमचा कप लगद्यात बुडवून मुलाला दाखवला, "बघ, याचापण कागद होतो," आणि तो तिथेच सोडून दिला. एकाने माझ्या जाळीवर नाक शिंकरल्यासारखे करून मित्रांना हसवले. मला शिसारी आली.

भाऊने पर्यटकांसाठी दुकान काढले, त्यात विकायला कागद हवा होता आणि कागद तर होतच नव्हता. भाऊने कारखान्यातून यंत्राचे ताव मागवले. मांडीवर पट्टी ठेवून तो त्यांच्या कडा मुद्दाम वेड्यावाकड्या फाडायचा आणि वर 'हाताने बनवलेला' अशी चिठ्ठी चिकटवायचा. आत्याने ते पाहिले आणि दोन दिवस त्याच्यासोबत जेवली नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट वरच्या अंगाला घडत होती. पर्यटकांसाठी ओढ्याच्या काठी आठ खानावळी उभ्या राहिल्या. कढईतले जळके तेल, भांड्यांचा साबण, संडासाचे पाणी, सगळे ओढ्यात. धोरणात गल्लीच्या रंगाविषयी तीन पाने होती, पाण्याविषयी एक ओळ नव्हती. हळूहळू लोक ओढ्याला नाला म्हणू लागले. हौदाच्या पाण्यावर तेलाचा तवंग यायचा, तो माझ्या तारांना चिकटायचा आणि त्या घाणीत मला पुन्हा पुन्हा बुडवले जायचे. आत्याच्या हातांवर कोपरापर्यंत खाजरे पुरळ उठले.

भाऊने त्यावर उपाय काढला. हौदात निळा रंग ओतला.

"हे काय केलंस?" आत्याने विचारले.

"करडं पाणी फोटोत वाईट दिसतं, ताई."

"वाईट आहे म्हणून वाईट दिसतं. माझे हात बघ."

"मग तू नको घालूस हात. तसंही कागद कुणाला हवाय? लोकांना बघायला हवंय."

"बाबांनी ऐकलं असतं तर?"

"बाबा असते तर उपाशी मेले असते," भाऊ म्हणाला आणि मला उचलून बाहेर पडला.

लोकांना दाखवायला नवी चकचकीत चौकट आणून त्याने मला शेजारच्या खानावळीत शोभेसाठी देऊन टाकले. तिथल्या मालकाने माझ्या कडेतून खिळा ठोकला आणि मला भिंतीवर टांगले. इतकी वर्षे न वाकलेल्या लाकडाला त्या दिवशी भेग गेली. माझ्या जाळीत पदार्थांची यादी अडकवली. खाली पाटी लावली, 'तीनशे वर्षांपूर्वीची चौकट'. मित्रांनो, तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. तळणाचा धूर माझ्या अंगावर थर धरून बसला. लोक माझ्या कोपऱ्यावर टोप्या अडकवत, तेलकट बोटे माझ्या लाकडाला पुसत. रागाला निदान धग असते, मला तर नुसती शिसारी येत होती. असे मी दीड वर्ष काढले.

एके दिवशी दुपारी, खानावळ गच्च भरलेली असताना, आत्या आत आली. तिच्यासोबत कारकूनकाका होते, आता निवृत्त झालेले, काठी टेकत चालणारे. आत्याच्या हातात पक्कड होती. ती स्टुलावर चढली, खिळा उपटला आणि मला खाली घेतले.

मालक धावत आला. "अहो बाई, ही आमची शोभेची वस्तू आहे."

"ही माझ्या बापाची कामाची वस्तू आहे," आत्या म्हणाली. "यादी तुमची तुम्ही ठेवा."

जेवणारे नुसते बघत राहिले. कुणी अडवले नाही.

वाटेत कारकूनकाकांच्या बोलण्यावरून मला उलगडा झाला. धोरणाची मुदत संपत आली होती. पुढच्या पाच वर्षांसाठी नवा मसुदा निघाला होता आणि त्यावर लोकांच्या लेखी हरकती मागवल्या होत्या. मसुद्यात आणखी बारा खानावळींना जागा द्यायची होती. काकांनी कचेरीच्या फळ्यावर सूचना वाचली आणि थेट आत्याकडे आले.

"मी छान अर्ज लिहून देतो," काका म्हणाले.

"अर्ज लिहा. पण कागद माझा," आत्या म्हणाली.

घरी आल्यावर तिने मला सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा घासले. मग हौदातले निळे पाणी उपसून टाकले आणि ओढ्याचे पाणी जसे होते तसे आत घेतले. गाळले नाही, निवळू दिले नाही. पुरळाच्या हातांनी तिने मला त्यात बुडवले. इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि तरीही मी नीट धरून राहिले, कारण दोन वर्षांनी मी खरा ताव धरत होते. तो करडा निघाला. त्यात तेलाचे डाग होते, एक केस होता आणि प्लास्टिकचा तुकडा होता. वाळल्यावरही त्याला वास येत होता. काकांनी त्याच्यावर हरकत लिहायला घेतली, तर शाई फुटली. काकांचे डोळे भरून आले, पण त्यांनी पानभर लिहिले.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. आत्या मला कापडात गुंडाळून सोबत घेऊन गेली. पुन्हा घरी एकटे ठेवायची तिची तयारी नव्हती. पुढे फाइलसाहेब आणि त्यांच्या वरच्या अधिकारी बाई बसल्या होत्या. खानावळवाल्यांच्या रांगेत भाऊही होता. गल्लीची भरभराट झाली, असे सांगायला त्याला आणले होते.

आत्याचे नाव पुकारले. तिने ताव पुढे केला. फाइलसाहेबांनी तो दोन बोटांत धरला आणि नाक मुरडले.

"हे काय आणलंत? साध्या कागदावर नाही का देता आलं?"

"आमच्या गल्लीचा कागदच आहे, साहेब. तुमच्या धोरणातला. परवाच काढला."

अधिकारी बाईंनी ताव हातात घेतला. वास घेतला. उजेडाकडे धरला. मग त्यांनी विचारले, "तुम्हाला पर्यटक नकोत का?"

"हवेत की," आत्या म्हणाली. "आम्ही काय करतो ते बघायला यावं, दोन ताव घेऊन जावेत. पण आम्ही काही करतच नसलो तर ते बघणार काय? तुम्ही येणारी माणसं मोजलीत, बाई. पाणी कुणी बघितलं नाही."

"पण दुकानात तर भरपूर कागद विकला जातो, असं अहवालात आहे. तो कुठे बनतो?" बाईंची नजर रांगेवरून फिरली. "कागदाचं दुकान कुणाचं?"

भाऊ उभा राहिला. खानावळीचा मालक खालून त्याचा शर्ट ओढत होता. भाऊने आत्याकडे पाहिले, तिच्या हातांकडे पाहिले.

"कारखान्यात बनतो," तो म्हणाला. "कडा मी फाडतो."

फाइलसाहेब फाइलीत काहीतरी शोधू लागले. भाऊ मात्र खाली बसला नाही. निळ्या रंगाचे, चाळीस वेळा उचललेल्या एकाच तावाचे, सगळे त्याने सांगून टाकले.

पाच महिन्यांनी नवे धोरण आले. मदत आता येणाऱ्या डोक्यांवर नाही, काम चाललेल्या दिवसांवर मिळते. गल्लीत बनले तेच 'गल्लीतले' म्हणून विकता येते. बसगाड्या गावाबाहेर थांबतात आणि दिवसाला साठच माणसे आत सोडतात. सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय ओढ्यात सोडता येत नाही. देखरेखीच्या समितीत दोन जागा कारागिरांना आहेत, त्यांतली एक आत्याची.

सगळे गोड झाले असे मात्र मी सांगणार नाही. दोन खानावळी बंद पडल्या, पाचांनी पाणी शुद्ध करायची टाकी बसवली, आणि ज्याने मला टांगले होते तो मालक अजून कोर्टात भांडतोय आणि संधी साधून पाइप सोडतोय. आत्या त्याच्या दारात जाऊन बाटलीत पाणी भरते आणि समितीपुढे ठेवते. फाइलसाहेबांची बढती होऊन बदली झाली. त्याचाही मला उबग येतो.

भाऊने दुकानातले यंत्राचे ताव काढून टाकले. आत्या त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. एका सकाळी त्याने न सांगता चिंध्या भिजवल्या आणि कुटायला बसला. आत्याने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "बारीक कूट. मागच्या वेळी गाठी राहिल्या होत्या." तेवढ्यावर दोघांचे भागले. बंद पडलेल्या घरांपैकी तीन पुन्हा उघडली आहेत. पाणी अजून पुरते निवळलेले नाही, पण तवंग गेला आणि आत्याचे हातही बरे होत आहेत.

मित्रांनो, तुम्ही मोठे झाल्यावर गावोगाव फिराल. कुणी धोरणे लिहाल, कुणी खानावळी काढाल. माझे एवढेच मागणे आहे. एखाद्या जुन्या गल्लीत गेलात, तर काम चालू असेल तेव्हा शांत उभे राहा आणि हात स्वच्छ असल्याशिवाय कशाला लावू नका. आणि दुकानात शिरण्याआधी मागच्या बाजूला जाऊन ओढा बघा. तो घाण असेल, तर दुकानात काय आहे ते मला विचारू नका.